कायमचा पंच

“पंच म्हणजे कायद्याने रस्त्यावरून हात धरून आणलेली समाजाची सदसद्विवेकबुद्धी होय,” तेजस्विनी मॅडम म्हणाल्या आणि वर्गाला ते पचावे म्हणून क्षणभर थांबल्या.

कृष्णनाथने ते वाक्य वहीत उतरवून घेतले आणि खाली पट्टीने रेघ मारली. रेघ मारता मारता त्याच्या मनात आले की आपल्याला आजवर हात धरून कोणी आणलेले नाही. आपल्याला शिटी मारतात. कोंडवळच्या पोलीस आउटपोस्टसमोर, रस्त्याच्या पलीकडे त्याचे झेरॉक्सचे दुकान होते. पंचनामा करायचा असला की हवालदार विठ्ठल व्हरांड्यात येऊन दोन बोटे तोंडात घालत असे, आणि समाजाची सदसद्विवेकबुद्धी मशीन बंद करून, चपला अडकवून, रस्ता ओलांडत असे.

गोव्यात पंच दोन तऱ्हेचे. एक निवडून येतात, पंचायतीत बसतात आणि चतुर्थीला त्यांच्या शुभेच्छांचे फलक लागतात. दुसरे पोलिसांच्या कागदावर सही करतात, की अमुक वस्तू अमुक ठिकाणी आमच्या डोळ्यांदेखत सापडली. कृष्णनाथ दुसऱ्या तऱ्हेचा. पण चौदा वर्षे सह्या करून करून गावात त्याचे नावच ‘पंच’ पडले होते. बाहेरगावचे पाहुणे त्याला निवडून आलेला समजून रस्त्यातल्या खड्ड्यांची तक्रार करत, आणि तो ती शांतपणे ऐकून घेई.

“असा पंच कसा असावा? सिद्धी?”

सिद्धी त्याच्याच बाकावर बसे. तेवीस वर्षांची, अक्षर छापल्यासारखे. “स्वतंत्र, प्रतिष्ठित आणि त्याच परिसरातला. जुने कलम शंभर, पोटकलम चार. नवीन एकशे तीन.”

“छान. गावसकाका, तुम्ही सांगा. स्वतंत्र म्हणजे काय?”

“ज्याला दुसरं काम नसतं तो,” कृष्णनाथ म्हणाला.

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. त्याने विनोद केला नव्हता.

कृष्णनाथ सोमा गावस, वय एक्कावन्न, राहणार कोंडवळ, धंदा झेरॉक्स. पंचनाम्यावर तो याच क्रमाने लिहिला जाई आणि हल्ली स्वतःचा विचारही तो याच क्रमाने करू लागला होता. आधी तो एका खाणीवर वजनकाट्याचा कारकून होता. ट्रक काट्यावर चढे, तो आकडा लिही, ट्रक उतरे. एके दिवशी खाण बंद झाली आणि काट्यावर चढायला काही उरले नाही. मग त्याने आउटपोस्टसमोर दुकान घातले, कारण पोलिसांना कागद लागतात. कागदांबरोबर पंचही लागतात हे त्याला नंतर कळले.

कायद्याकडे तो वळला तो न्यायाच्या ओढीने नव्हे. समन्स, जामीन, नोटिसा झेरॉक्सला देता देता लोक विचारत, “पंचानु, ह्यात काय म्हटलाहा?” आणि तो वाचून सांगे. असे बरीच वर्षे फुकट सांगून झाल्यावर त्याची बायको सुविधा म्हणाली, “सांगतासच, तर काळो कोट घालून तरी सांगा.” त्याच्या उच्च शिक्षणामागची प्रेरणा एवढीच. बी.कॉम. होताच. सकाळची बस धरायची, दुपारी परत यायचे, तोवर दुकान सुविधाने बघायचे. सनद मिळाली की पुढेमागे नोटरी व्हायचे, दारावर पाटी लावायची, आणि कोणीतरी एकदा ‘पंचानु’ऐवजी ‘वकीलसाहेब’ म्हणायचे. यापलीकडे त्याचे मागणे नव्हते.

क्रिमिनल प्रोसिजरचा पेपर मात्र दोनदा राहिला. पहिल्यांदा अभ्यास कमी पडला. दुसऱ्यांदा अभ्यास पुरेसा झाला होता, कायदा बदलला. अटकपूर्व जामिनाचे चारशे अडतीस तो बसमध्ये डोळे मिटून म्हणत असे. एक जुलैला त्याचे चारशे ब्याऐंशी झाले, आणि जुने जे चारशे ब्याऐंशी होते ते पाचशे अठ्ठावीसवर जाऊन बसले. पन्नाशीनंतर डोक्यातल्या खोल्या भरलेल्या असतात. नवा भाडेकरू आला तरी जुना सामान हलवत नाही. त्यातून जुन्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू, त्यामुळे दोन्ही पाठ ठेवणे आले. तो आता तिसऱ्या वर्षाला होता आणि दुसऱ्या वर्षाचा तो पेपर त्याच्याबरोबर बसने ये-जा करत होता.

तिसऱ्या वर्षाला एक जर्नल असते. विद्यार्थ्याने कोर्टात बसून एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहायचा, साक्षी-उलटतपासणी टिपून घ्यायच्या आणि वर आपले निरीक्षण लिहायचे. यंदा मॅडमनी सगळ्या वर्गाला एकत्र न्यायचे ठरवले.

“गावसकाका, तुमच्या तालुक्यात तुमची ओळख आहे. एखादा सुटसुटीत खटला बघाल? लांबलेला नको. मुलांना पंचाची साक्ष ऐकायला मिळाली तर उत्तम.”

कृष्णनाथने त्याच संध्याकाळी रस्ता ओलांडून विठ्ठलला विचारले.

“लहान होयी?” विठ्ठल रजिस्टर चाळत म्हणाला. “मगे ही मोटरीची घे. मये गावच्या कुळागरातलो, पोफळींक शिंपूचो पंप चोरलेलो, ती. तीनच साक्षीदार उरले हत. पंचाची साक्ष ह्याच तारखेक.”

कृष्णनाथने खटल्याचा क्रमांक लिहून घेतला. कॉलेजच्या लेटरहेडवर स्वतः अर्ज टाइप केला, चार प्रती काढल्या, चारही ठिकाणी क्रमांक तपासला. कोर्टाने परवानगी दिली. मॅडमनी वर्गात त्याचे नाव घेऊन आभार मानले. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. खाण बंद झाल्यापासून त्याला कोणी टाळ्या वाजवलेल्या नव्हत्या.

आठ दिवसांनी विठ्ठल शिटी न मारता स्वतः रस्ता ओलांडून दुकानात आला. हे नवीन होते.

“घे. तुझ्या नावाचा समन्स.”

कृष्णनाथने कागद हातात घेतला. क्रमांक वाचला. पुन्हा वाचला.

“ह्यो आमच्या क्लासाचो नंबर मरे!”

“मगे?”

“ह्या केशीत पंच मी?”

“नायतर कोण असतलो? तू इचारलंस लहान केस खयची, ती मी सांगलंय. पंच कोण, ता तू इचारूकच नाय.”

हे खरे होते. चौदा वर्षांत त्याने मोटरी, बॅटऱ्या, तांब्याच्या तारा, गॅस सिलिंडर, एकदा तर एक जिवंत बोकड, इतक्या वस्तू आपल्या डोळ्यांदेखत सापडून घेतल्या होत्या की त्यातली एखादी मोटर ध्यानात राहणे शक्य नव्हते.

“दुसरो पंच खय?”

“गौरेश? तो कुवेताक गेलो. तू एकटोच आसस.”

साक्षीपूर्वी स्मरण ताजे करावे म्हणून विठ्ठलने पंचनाम्याची प्रत दिली. कृष्णनाथने ती गल्ल्यामागच्या कदेलीवर बसून वाचली. आयुष्यात प्रथमच तो स्वतः सही केलेला पंचनामा वाचत होता, आणि तोही कायद्याचा विद्यार्थी म्हणून. वाचताना त्याला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. त्यात तो, म्हणजे पंच क्रमांक एक, आरोपी अनंत याच्या मागोमाग जीपमधून आमोण्याला गेला होता. तिथे उतरून बांधावरून अर्धा किलोमीटर चालला होता. आरोपीने ‘स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना’ मोरीखालच्या माडाच्या झावळ्या बाजूला केल्या होत्या, आणि हिरव्या रंगाची तीन हॉर्सपॉवरची मोटर त्याने उभयतां पंचांच्या समक्ष बाहेर काढली होती. मार्च २०१९. पंचनामा सुरू दुपारी दोन वाजून पंधरा मिनिटांनी, समाप्त तीन वाजून चाळीस मिनिटांनी.

इथे आदर थांबला.

गोव्यात दुपारी एक ते चार दुकाने बंद असतात हे लहान मूलसुद्धा सांगेल. कृष्णनाथ सव्वाएकला जेवत असे आणि पावणेदोनला आडवा होत असे. दुकान घातल्यापासून दुपारी सव्वादोन वाजता त्याला उभा पाहिलेला माणूस तालुक्यात नव्हता. कॉलेज सुरू झाल्यावर तो बसमध्ये बसल्या बसल्या झोपे, पण वेळ तीच. आणि हळूहळू त्याला ती मोटरही आठवली. आउटपोस्टच्या व्हरांड्यात पडलेली, चिखल लागलेली. वाजले होते साडेचार. विठ्ठलने चहा मागवला होता. कृष्णनाथने एका हातात कप धरून दुसऱ्याने सही केली होती. आरोपी म्हणून कोणी माणूस त्याने पाहिल्याचे त्याला अजिबात आठवेना, कारण त्याने पाहिलाच नव्हता.

“विठू,” तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, “सव्वादोनाक मी थय कसो असान?”

विठ्ठल झेरॉक्स मशीनला टेकून उभा राहिला. “नाय होतस.”

“मगे लिवलंस कित्याक?”

“आयक. त्या दिसा अनंतान कबूल केल्यान. जागो दाखयतंय म्हणालो. मी तुका बोलवूक तुझ्या दारात आयलंय. वयनी म्हणाली, आताच डोळो लागलो हा, उठवू नकात. मी म्हटलंय, झोपांदे बापडो, सही मागीर घेव. आमी गेलंव, मोटर काढली, जीपीत घालून हाडली.”

“म्हणजे चोरी तेणीच केल्यान?”

“तेणीच. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी.”

“मगे तूच सांग कोर्टात.”

“माझा कोण आयकता? पोलिसाचा चलणा नाय, पंचाचा होया. तुमच्या कॉलेजात शिकयणत नाय?”

शिकवत होते. पोलिसासमोरची कबुली कायदा मानत नाही. फक्त त्या कबुलीतून वस्तू सापडली तर तेवढ्यापुरते एक दार किलकिले राहते, जुन्या पुरावा कायद्याचे कलम सत्तावीस, आणि त्या दारात पंच उभा असावा लागतो. कृष्णनाथने या प्रश्नाला दहापैकी सात गुण मिळवले होते. दार होते, वस्तू होती, पंच घरी घोरत होता.

“निदान टायम तरी साडेचारचो घालूचो होतो तू,” तो म्हणाला.

विठ्ठल दुखावला. “खोटो टायम घालू? पंचनाम्यात?”

विठ्ठल तसा सरळ माणूस. पुराचे पाणी रस्त्यावर आले होते आणि सुविधाचे अपेंडिक्स फुटायला आले होते, तेव्हा त्याने कोणालाही न विचारता आउटपोस्टची जीप काढून तिला म्हापशाच्या हॉस्पिटलात पोचवले होते आणि नंतर साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. जीपची ती फेरी कोणत्याही पंचनाम्यात नव्हती.

“आता बरा झाला,” विठ्ठल दारातून बाहेर बघत म्हणाला. “नव्या कायद्यात सगळा मोबायलात चित्रीकरण करूचा लागता. पंच झोपता. मोबायल झोपणा नाय.” मग म्हणाला, “जूनात रिटायर होतंय. तू काय सांगतलंस ता सांग. मी काय म्हणूचंय नाय.”

त्याने धमकावले असते तर कृष्णनाथला सोपे गेले असते.

संध्याकाळी सुविधा पदेराकडून पावाचे उंडे घेऊन आली आणि चहा ठेवला. कृष्णनाथने तिला सगळे क्रमाने सांगितले, वय-राहणार-धंदा सोडून.

“मीच म्हटलेला उठवू नकात म्हणून,” ती म्हणाली. “उठयलेला असता तर हो घोळ झालो नसतो.”

“तू येशीत कोर्टात?”

“आणि काय सांगू? घोव झोपलेलो?” तिने उंडा मोडून त्याच्या बशीत ठेवला. “खरा सांगलास तर काय होता?”

“म्हणजे खोट्या पंचनाम्यावर सही केली असा कबूल केल्यासारखा. एकशे त्र्याण्णव. सात वर्सां.”

“आणि खोटा सांगलास तर?”

“शपथेर खोटी साक्ष. तोच गुन्हो, नव्या कायद्यात दोनशे एकोणतीस. सात वर्सां.”

“मगे दोन्हीकडे सारखाच आसा, तर इतको विचार कित्याक करतास?”

कृष्णनाथने तिच्याकडे बघितले. तीन वर्षांत इतका नेमका प्रश्न त्याला कोणत्याही प्राध्यापकाने विचारला नव्हता.

“सनद,” तो म्हणाला. “खयचीय भानगड आंगार आयली तर सनद देवचे नाय.”

“आणि तो?”

“कोण?”

“चोर. तेका काय होता?”

“माझ्या साक्षीर टेकला हा सगळा. मी होय म्हटलंय तर तीन वर्सांपर्यंत.”

“कसो आसा तो मनीस?”

“माका ठाऊक नाय. मी तेका बघूकच नाय.”

सुविधा चहा प्यायची थांबली. “तेच्यावांगडा आमोण्याक चलत गेलास म्हणतास आणि बघूक नाय?” ती म्हणाली, आणि तो विषय तिने तिथेच सोडला.

तारखेच्या दिवशी दोघे विठ्ठलच्या मोटारसायकलवरून तालुक्याच्या कोर्टात गेले, कारण बसला उशीर झाला असता. विठ्ठल आत पोलिसांच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला. कृष्णनाथ बाहेर साक्षीदारांच्या बाकावर.

साडेदहाला वर्ग आला. पांढरे शर्ट, काळ्या पॅंटी, हातात नवीकोरी जर्नले. कोर्टातली माणसे अशी बघत होती जणू वऱ्हाड चुकून स्मशानात आले आहे.

“काका, आत चला, जागा धरलीय,” सिद्धी म्हणाली.

“मला आत बसता येत नाही. मी साक्षीदार आहे.”

“कशात?”

“आपल्याच केसमध्ये.”

सिद्धीने जर्नल उघडून क्रमांक बघितला, मग त्याच्याकडे. “मॅडमना माहीत आहे?”

“आता कळेल.”

मॅडमना कळले. त्या दारातून एकदा बाहेर डोकावल्या, काहीतरी म्हणणार होत्या, पण साक्षीदाराशी बोलू नये हे त्यांनीच शिकवलेले असल्याने नुसती मान हलवून परत गेल्या. मग आरोपीची वकील आली, प्राजक्ता. त्याच कॉलेजची, दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली, आता सरकारी कायदा-मदतीच्या केसेस बघणारी. “काका, तुम्ही इथे?” म्हणून ती हसली, त्याने हातातले समन्स दाखवले, तेव्हा हसू आवरून आत गेली. तिच्या फायलीतून सहा पानी उलटतपासणीचे कागद डोकावत होते. वर ठळक अक्षरांत ‘पंच’ असे लिहिलेले कृष्णनाथला उलटे का होईना, वाचता आले.

पुकारा बारा वाजता झाला.

आत पंखे फिरत होते आणि कोणालाही वारा लागत नव्हता. आरोपीच्या कठड्यापाशी फिकट निळ्या शर्टातला एक माणूस हात जोडून उभा होता. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, कोर्टात येऊन येऊन ज्याचे उभे राहणेही जुने झाले आहे असा. हा तर तो. ज्याच्या मागोमाग आपण बांधावरून अर्धा किलोमीटर चाललो तो अनंत. कृष्णनाथने त्याला नीट बघून घेतले. सहा वर्षे उशिरा का होईना.

शपथ झाली. मागच्या तीन बाकांवर पंचवीस पेने उघडली.

सरकारी वकील निवृत्तीच्या आसपासचे होते. मान वर न करता विचारत होते. “ही सही तुमची?”

“होय.”

“त्या दिवशी दुपारी सव्वादोन वाजता तुम्ही कुठे होता?”

“घरी.”

“घरी होता. मग पोलिसांनी बोलावल्यावर...”

“बोलावलं नाही. म्हणजे आले होते. मी झोपलो होतो.”

सरकारी वकिलांनी मान वर केली. स्टेनोची बोटे थांबली. न्यायाधीशबाई समोरच्या फायलीत होत्या, त्यांनी चष्म्यावरून बघितले.

“कोण झोपलं होतं?”

“मी, मॅडम.”

“किती वाजेपर्यंत?”

“चारपर्यंत. रोज झोपतो.”

मागे कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. कृष्णनाथ विठ्ठलकडे बघणार नव्हता, पण बघितले गेले. विठ्ठल मांडीवरच्या टोपीची कडा बोटाने साफ करत होता. कृष्णनाथने मान वळवून निळ्या शर्टाकडे पाहिले आणि उरलेले त्याच्याकडे बघत सांगितले. मोटर आपण आउटपोस्टच्या व्हरांड्यात पाहिली. साडेचार वाजले होते. हातात चहा होता. वाचली नाही, सही केली. आमोण्याला गेलो नाही. आरोपीला तेव्हा पाहिले नाही, नंतरही नाही. शेवटी शेवटी तर त्याला असे वाटले की आपण चौदा वर्षांतल्या सगळ्याच सह्यांबद्दल एकदम बोलतो आहोत. निळ्या शर्टाने सभ्यपणे मान डोलावली.

न्यायाधीशबाईंनी स्टेनोला इंग्रजीत एक वाक्य सांगितले, ज्याचा अर्थ ‘संबंधित वेळी मी निद्रिस्त होतो’ असा होता. बाकीचे आणखी दोन वाक्यांत बसले.

सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचे जाहीर करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, “आरोपीला वाचवण्यासाठी तुम्ही खोटं बोलत आहात.”

“नाही.”

“तुम्ही कायद्याचे विद्यार्थी आहात?”

“होय.”

“आणि न वाचता सही करता?”

“तेव्हा विद्यार्थी नव्हतो.”

प्राजक्ता उभी राहिली, हातातल्या सहा पानांकडे तिने एकदा हळहळून बघितले आणि म्हणाली, “उलटतपासणी नाही.”

“साक्षीदार,” न्यायाधीशबाई म्हणाल्या, “तुम्ही जे केलंत तो गुन्हा आहे हे माहीत आहे ना?”

“होय मॅडम. एकशे त्र्याण्णव. सात वर्षे.”

“कलम मी विचारलं नाही.”

त्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले, मग टेबलावरच्या यादीकडे, जिच्यात अजून छत्तीस प्रकरणे बाकी होती. “या तुम्ही,” त्या म्हणाल्या. “पुढची.”

तो बाहेर व्हरांड्यात आला. पंधरा दिवस जिला तो घाबरत होता ती गोष्ट होऊन गेली होती आणि काहीच झाले नव्हते. मागोमाग वर्ग आला.

“काका, ‘साक्षीदार क्रमांक तीन फितूर’ असंच लिहू ना?” सिद्धीने विचारले.

“लिही.”

“पण तुम्ही तर खरं...”

“ते लिहायला रकाना आहे का?”

सिद्धीने बघितले. नव्हता.

तेजस्विनी मॅडम शेवटी आल्या. त्यांचे डोळे जरा ओलसर वाटले, पण ते पंख्यामुळेही असेल. “गावसकाका, मला तुमचं कौतुक वाटतं,” त्या म्हणाल्या. “फक्त एक. जर्नलसाठी तुम्ही दुसरा खटला बघा. स्वतःची साक्ष निरीक्षण म्हणून धरता येत नाही.”

“बरं.”

विठ्ठल आला तेव्हा त्याने टोपी घातलेली होती. तो कृष्णनाथच्या शेजारी उभा राहिला आणि समोरच्या फणसाकडे बघत म्हणाला, “टायम खोटोच घालूक होयो होतो माका.”

“होय.”

“इतक्या वर्सांत एकदाच खरो घातलंय.”

त्याने किल्ली काढली, मोटारसायकल स्टँडवरून उतरवली, मागची सीट सवयीने हाताने पुसली आणि एकटाच निघून गेला. कृष्णनाथ ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. बस दीडला होती.

मग त्याला निळा शर्ट दिसला. तो नळावर पाणी पिऊन तोंड पुसत होता. कृष्णनाथ त्याच्याजवळ गेला. माफी मागायची होती बहुतेक.

“अनंत,” तो म्हणाला, “तुमका एक सांगूचा होता...”

“माका?” माणूस गोंधळला. “मी अनंत न्हय. माझी चेकाची केस. तुमच्या मागली. पण तुमी बरा बोललास हां. झोपेचा.”

कृष्णनाथ परत दाराशी आला. प्राजक्ता दुसरी फाईल घेऊन बाहेर पडत होती.

“अनंत कुठे आहे?”

“तो कुठे येतो, काका. मी दर तारखेला गैरहजेरीचा अर्ज देते, मंजूर होतो. पण आजच्या साक्षीने सुटेल बहुतेक. कळवीन त्याला.”

“आजारी आहे का?”

“छे. शिंपणं चाललंय ना कुळागरात. दत्तप्रसादबाब सोडत नाहीत.”

“कोण दत्तप्रसादबाब?”

“फिर्यादी. मोटर ज्यांची होती ते. दुसरा माणूस मिळेना म्हणून त्यांनी जामिनावर सुटल्यावर यालाच परत ठेवला. केस मिटवायला त्यांना एकदा कोर्टात यावं लागेल. ते म्हणतात, वेळ नाही.”

मोटर कोर्टाकडून दत्तप्रसादबाबांना बंधपत्रावर कधीच परत मिळाली होती. चार वर्षे ती अनंतच चालवत होता.